दोन घरांची प्लायमाउथ

मनन पान्याच्या दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला, तरी मागच्या डाव्या चाकाचा बोल्ट हलेना. त्याने एक उडी मारून पाहिली. पाना निसटला आणि पोरगं तोल जाऊन थेट पापडांच्या खाटेवर बसलं.

"माझे पापड!" रूपा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली.

भंवरलाल कडुनिंबाखाली खुर्ची टाकून सगळं बघत होते. त्या बोल्टची मेख त्यांना ठाऊक होती. त्या जुन्या प्लायमाउथ गाडीच्या उजव्या चाकांचे आटे सरळ आणि डाव्या चाकांचे उलटे. नेहमीसारखं सैल करायला जावं तर बोल्ट आणखी आवळतो. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण मनन पडला धुळ्याचा, धाकट्या भावाचा नातू. पंधरा दिवस इथे राहून पोरगं गाडीसाठी राबत होतं, गुणी होतं, सगळं खरं. तरी धुळ्याच्या माणसाला जरा घाम फुटला की जळगावच्या माणसाला बरं वाटतं, त्याला काय इलाज?

"उलटा फिरव रे! घड्याळाच्या काट्यासारखा!"

आवाज फाटकातून आला. पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी, पायांत धुळीने माखलेल्या वहाणा. भंवरलालांचा धाकटा भाऊ कचरूलाल. सगळं गोत त्यांना नाना म्हणे. पहाटेच्या एसटीने आले होते आणि कोणी बोलावलं नव्हतं.

मननने पाना उलटा लावला. बोल्ट कुरकुरला आणि सुटला.

"बघितलं?" नाना म्हणाले. "गाडी भाऊंच्या दारात, पण माझ्या डोक्यात आहे."

"ये कचरू, बस," भंवरलाल म्हणाले. "फक्त त्या खाटेवर नको. तिथे तुझ्या घरचं एक माणूस आधीच बसून गेलंय."

गाडीखालून प्रियल सरपटत बाहेर आली. नाकावर ग्रीस, केसांना रुमाल. भंवरलालांचा मुलगा श्रेयांस आणि सून रूपा यांची ही थोरली मुलगी. फिजिक्सची पदवी घेऊन घरी आली ती पुढच्या प्रवेशाची वाट बघायला, आणि ताडपत्रीखालच्या गाडीत अडकली. तिने आधी नानांना खाली वाकून नमस्कार केला आणि मग सांगितलं, "चाक फिरतं त्या ओढीने बोल्ट आपोआप सुटू नयेत म्हणून डावीकडचे उलटे ठेवलेत. भारी आहे ना?"

"भारी आहे," नाना म्हणाले. "आमच्या भाऊंसारखंच. सोडवायला जावं तर घट्ट."

रूपा खिडकीत खुदकन हसली. भंवरलालांनी सुनेकडे पाहिलं तशी ती दिसेनाशी झाली, पण हसणं काही थांबलं नाही.

या गाडीची वाटणी झाली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. दुकान, गोदाम, शेत, चांदीची भांडी, सगळ्याची वाटणी दोघा भावांनी आवाज न चढवता केली होती, आणि वडिलांच्या प्लायमाउथपाशी येऊन दोघंही हटून बसले. बोदवडहून मामांना बोलावलं. मामा तीन वेळा चहा प्यायले, दोघांना तीन तीन वेळा समजावलं, आणि शेवटी वैतागून म्हणाले, "बॉडी थोरल्याने घ्या, इंजिन धाकट्याने. गाडीत बसावंसं वाटलं की याल एकत्र!" मामांचा हिशेब आठ दिवसांचा होता. पण दोघे भाऊ मामांचेच भाचे. बॉडी जळगावात पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, इंजिन धुळ्याला नानांच्या डाळमिलमध्ये गेलं, आणि मामा वाट बघता बघता वारले.

त्या वाटणीत तिसऱ्या वाट्याला कोणी विचारलंच नव्हतं. थोरली बहीण झमकूबाई, म्हणजे अक्का, लग्न होऊन याच गाडीतून धुळ्याला गेली होती. तेव्हा भंवरलाल तेरा वर्षांचे होते आणि पाठवणीला पुढच्या सीटवर बसले होते. पुढे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हीच गाडी तिला आणायला धुळ्याच्या देवपुरात जायची, माहेराहून न्यायला आलेला मुराळी म्हणून कधी एक भाऊ, कधी दुसरा. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते. निंबाला झोके बांधतात, सासुरवाशिणी चार दिवस कोणाला जुमानत नाहीत. गाडीची वाटणी झाल्याचं कळलं तशी अक्काने निरोप पाठवला, "अर्ध्या माहेराला मी येत नाही." आणि खरंच आली नाही. सुखदुःखाला दोन्ही घरी जायची, बसायची, उठायची. आखाजीला मात्र कुणाकडेच नाही.

आता अक्का ऐंशीच्या घरात. यंदा तिने जैनांचं वर्षीतप केलं होतं. एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असं वर्षभराहून जास्त. उद्या आखाजी, उद्याच उसाच्या रसाने पारणं. गाडी जोडायला घेतल्याचं प्रियलकडून कळल्यावर तिने फोनवर दोघा भावांना एकच वाक्य ऐकवलं होतं: "गाडी सबंध होऊन आली आणि दोघं त्यात बसून आलात, तर माहेरी येऊन पारणं करीन, नाहीतर इथे जैन स्थानकात सगळ्या तपस्व्यांबरोबर रस घेईन, माझं काही अडलेलं नाही."

अडलं होतं ते भंवरलालांचं. दुकान श्रेयांसकडे सोपवल्यापासून त्यांना या एका गोष्टीखेरीज काही नको होतं. नातीबरोबर बसून त्यांनी दारं घासली, गंज खरवडला, सीट शिवून आणल्या, बॉडीला तिचा मूळचा बाटलीहिरवा रंग दिला. रूपाची दोन पातेली आणि एक परात रॉकेलात गेली ती परत स्वयंपाकघरात आली नाहीत. इंजिन मागायला मात्र भंवरलाल गेले नाहीत, प्रियल गेली. नानांनी दिलंही. एकच अट घातली, "मुराळी मी."

"थोरला भाऊ जिवंत असताना?" भंवरलाल तेव्हा म्हणाले होते. तो वाद अजून तसाच होता.

अकराच्या सुमाराला सगळं जुळून आलं. श्रेयांस दुकान गड्यावर सोडून आला. कंपाउंडच्या भिंतीवर शेजारी कोपर टेकून उभे राहिले. केळीचा ट्रक चालवणारा कौतिक फाटकातून आत आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "भाऊ, हाई गाडी शे का म्हैस? बठ्ठी गल्ली भरी गई!"

"म्हैस निदान दूध तरी देते," रूपा म्हणाली, आणि तरीही बोनेटला तिनेच कुंकू लावलं, नारळ तिनेच पुढे केला. नारळ कुणी फोडायचा यावर दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, तेवढ्यात मननने तो दगडावर आपटलासुद्धा.

प्रियल स्टिअरिंगवर बसली. सेल्फ मारला.

घुर्रर, घुर्रर, घुर्रर. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

पुन्हा. पुन्हा दोनदा खोकलं आणि गप्प.

"बॅटरी!" श्रेयांस पुढे सरसावला. "हे बघा, प्लस बॉडीला जोडलाय! कोणी जोडला?"

"या गाडीत तसंच असतं, पप्पा. प्लसच बॉडीला."

"मी व्हिडिओत उलटं पाहिलं."

"ती दुसरी गाडी असेल."

प्रियलने एक एक गोष्ट तपासायला घेतली. तिची पद्धत भंवरलालांना आवडायची. घाई नाही, अंदाज नाही. प्लग काढून ठिणगी पाहिली: निळी, ठसठशीत. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येत होतं. सिलिंडरचा दाब मोजला: सहाही ठीक. ती प्लग परत बसवत म्हणाली, "ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. मग चालायला काय हरकत आहे?" हे ती इंजिनालाच विचारत होती.

तास गेला. भिंतीवरचे शेजारी जेवायला गेले. ऊन असं तापलं की बोनेटवर हात ठेववेना.

श्रेयांसने घड्याळ पाहिलं. "असं करू. मी माझ्या गाडीने जाऊन अक्कांना घेऊन येतो. एसी आहे, दीड तासात धुळं. म्हाताऱ्या माणसाला या उन्हात..."

"तिने काय सांगितलंय ते ऐकलं होतंस ना?" नाना म्हणाले.

"हट्ट आहे हो तो, नाना."

"हट्ट असेल. तिचा आहे."

"नानांचं बरोबर आहे," रूपा दारातून म्हणाली. "तुमच्या गाडीला अक्का हातसुद्धा लावणार नाहीत."

श्रेयांस बायकोकडे बघत राहिला. इतकी वर्षं ती जळगावच्या बाजूने होती.

नानांना मग आणखी जोर चढला. "मी सांगू का? इंजिन उघडलंत तिथेच चुकलं. माझ्याकडे होतं तोवर दर शनिवारी हँडल मारून फिरवत होतो. लोण्यासारखं फिरायचं!"

"फिरायचं!" भंवरलाल खुर्चीतून उठले. "फिरवलंस, चालवलंस का कधी? डाळीच्या भुशात टाकून सडवलंस आणि आता आमच्या पोरीला शिकवतोस?"

"दादाजी!" प्रियल म्हणाली.

तिने 'दादाजी' का म्हटलं ते भंवरलालांना बरोबर कळलं. इंजिन उघडलं त्या दिवशी तिने त्यांना हात धरून जवळ नेलं होतं. सिलिंडर आतून आरशासारखे होते, गंजाचा ठिपका नव्हता. त्यांनी स्वतः आत बोट फिरवलं होतं आणि बोटाला नितळ तेल लागलं होतं. तीस वर्षं कोणीतरी दर शनिवारी त्याच्यात जीव ओतला होता. त्या दिवशी धुळ्याला फोन करावा असं त्यांच्या फार मनात आलं होतं. केला नव्हता.

नानांनी पिशवी उचलली.

"मनन, मला स्टँडवर सोड."

मनन हातातला पाना धरून उभा राहिला. एकदा आजोबांकडे बघे, एकदा प्रियलकडे. रूपा सरळ पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "या घरातून आजवर कोणी न जेवता गेलेलं नाही. वाढते आहे. बसा."

नाना बसले. पण पिशवी मांडीवर घेऊन बसले, एसटीत बसतात तसे.

भंवरलाल गाडीच्या मागच्या बाजूला गेले, जिथे कोणाला तोंड दाखवावं लागणार नाही. दोघं, असं अक्का म्हणाली होती. आता गाडी चालू झाली तरी दोघं कुठून आणायचे? एका वाक्यात आपण जे घालवलं ते आठ दिवसांत तरी परत मिळेल का, आणि उद्या तर आखाजी.

"मनन, अजून एकदा," पुढून प्रियलचा आवाज आला. ती बोनेटमध्ये वाकली होती, मनन स्टिअरिंगवर बसला.

घुर्रर, घुर्रर.

सायलेन्सरच्या तोंडाशी निंबाची वाळकी पानं साठली होती. भंवरलाल त्यांच्याकडे बघत होते, आधी नुसतेच, मग नीट. इंजिन फिरत होतं आणि पानं जागची हलत नव्हती. त्यांनी वाकून सायलेन्सरपुढे तळहात धरला.

"थांबू नको, मार सेल्फ," ते म्हणाले.

तळहाताला काही लागलं नाही. फुंकर नाही, झुळूक नाही.

ते तसेच वाकलेले राहिले, आणि त्यांना लहानपणचा एक पावसाळा आठवला. कंदिलावर किडे येऊन पडतात म्हणून सहा वर्षांच्या कचरूने कंदिलाच्या काचेवर वरून फडकं बांधलं होतं. किडे वाचले. कंदील विझला. आईने अंधारात त्याला शोधून धपाटा घातला होता, आणि तो रडत म्हणत होता, 'पण जीव वाचले ना!'

भंवरलाल कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि पडवीकडे चालू लागले.

"कचरू."

नानांनी मान वर केली नाही.

"इंजिन मिलमध्ये नेऊन ठेवलंस, तेव्हा सायलेन्सरच्या नळीत काय घातलं होतंस?"

"मी कशाला काय घालू? तुम्ही म्हणता तसं सडवत होतो ना..." नाना बोलता बोलता थांबले. त्यांचा हात हळूहळू टोपीखाली कपाळाशी गेला. "अरे देवा."

"काय?"

"गरणं."

पाणी गाळायचं पांढरं फडकं. जैनाच्या घरात ते नळाच्या तोंडावर असतं, माठाच्या तोंडावर असतं.

"किती घातलंस?"

"नळी केवढी मोठी, भाऊ. पाल शिरली असती, मुंग्यांनी घर केलं असतं. मी दर शनिवारी हँडल मारणार, ते आत चिरडून मेले असते." नानांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते माप मोठं होतं. "काठीने आत ढकललं. विसरूनच गेलो."

प्रियल धावत येऊन हे ऐकत होती. इंजिनाबरोबर आलेली वाकडी नळी तिने बाहेरून घासून तशीच पुढच्या पाइपला जोडली होती. "आत जाईल तेवढं बाहेर यायलाच हवं!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "आणि मी आत काय जातंय तेवढंच बघत बसले!" असं म्हणून ती गाडीखाली गेलीसुद्धा.

पाइप सुटा केला. सायकलच्या तारेचा आकडा करून तिने आत घातला, आणि कापड यायला लागलं. आधी तपकिरी, मग पिवळट, आणि आतल्या बाजूला अगदी पांढरं. ते येतच राहिलं. मनन ते गोळा करत मागे मागे जात फाटकापर्यंत पोचला. कौतिक पोट धरून खाली बसला. "नाना, इतलं कापड! लुगडं शे का पागोटं?"

"एकही जीव मेला नाही तीस वर्षांत," नाना बारीक आवाजात म्हणाले.

"नाही मेला," भंवरलाल म्हणाले, "इंजिन सोडून."

आणि त्यांना हसू फुटलं. आवरेना. ते नानांच्या शेजारी पडवीच्या पायरीवर बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाना थोडा वेळ रागातच बसून होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"कंदील आठवतो?" भंवरलालांनी विचारलं.

"धपाटा आठवतो."

"कचरू," भंवरलाल जरा वेळाने म्हणाले, "ते सडवलंस म्हटलं ना मी... आतून आरसा होता रे. प्रियलने दाखवला होता मला. महिना झाला."

नाना पिशवीच्या बंदाशी खेळत राहिले. "मग महिनाभर सांगितलं का नाही?"

"डावीकडचा बोल्ट," भंवरलाल म्हणाले.

या वेळी प्रियलने सेल्फ मारला तेव्हा इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट निघाला, निंबाची सगळी पानं अंगणभर उधळली, आणि मग तो आवाज आला. भंवरलाल तो आवाज विसरले नव्हते, पण तो इतका हळू असतो हे विसरले होते. सहा सिलिंडर, आणि जसं कोणी जात्यावर रवा दळतंय. खाटेवरचे उरलेसुरले पापड काळे झाले. रूपा तरीही टाळ्या वाजवत होती.

दोन वाजता निघाले. प्रियल गाडी चालवायला. मुराळी पुढे बसतो, म्हणून भंवरलाल पुढे बसले. आणि मुराळी पुढे बसतो, म्हणून नानाही पुढे बसले. अमेरिकन गाडीची पुढची सीट बाकासारखी सलग असते, त्यामुळे भांडण मिटलं नाही तरी मावलं. मागे मनन, हत्यारांची पेटी आणि पाण्याचे तीन कॅन.

"दादाजी, गुडघा. गिअर टाकायचाय."

"माझा नाही, कचरूचा आहे."

"माझा खिडकीपाशी आहे," नाना म्हणाले. "खिडकी मागत होतात ना, घ्या."

एरंडोलला रसवंतीवाला रस्त्यापर्यंत धावत आला. पारोळ्याच्या अलीकडे एका पेट्रोलपंपावर पोरांनी घेरून फोटो काढले, आणि काठी टेकत आलेले एक आबा बोनेटवर हात फिरवून, जुनी ओळख पटल्यासारखे म्हणाले, "हाई तुमनी शे? लहानपने मी दखेल शे हिले आठे." दर वीस-पंचवीस किलोमीटरवर प्रियल काट्याकडे बघून थांबायची, रेडिएटर निवू द्यायची, पाणी घालायची. धुळ्याच्या वेशीवर तिसरा कॅन संपला. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरले तेव्हा बोनेटच्या फटींतून वाफ निघत होती, आणि अक्काच्या गल्लीत गाडी पोचली ती सगळी वाफेत न्हालेली.

अक्का पायरीवर उभी होती. तपाने अंगातलं सगळं जास्तीचं गेलं होतं. राहिलेली म्हातारी लहानशी आणि ताठ होती. पांढरी साडी, हातात जपमाळ. तिने गाडी पुढून मागपर्यंत पाहिली.

"मी गेले तेव्हा पेट्रोलवर चालायची," ती म्हणाली. "आता वाफेवर चालते का?"

दोघे भाऊ एकाच वेळी तिच्या पायांशी वाकले आणि एकमेकांना डोकं लागलं.

प्रियलने बोनेट उघडलं. "अक्का, अर्धा तास तरी निवू द्यावं लागेल. मग पाणी. बोअरिंगचं नको, क्षार फार असतात, रेडिएटर चोंदेल."

"माझं चालेल?" अक्काने विचारलं. आत जाऊन ती दोन्ही हातांत स्टीलची कळशी घेऊन आली. उपवासाच्या दिवशी ती उकळून गार केलेलंच पाणी प्यायची, तेही सूर्य मावळेपर्यंत. "मला पुरेसं पिऊन झालंय. मावळल्यावर टाकूनच द्यायचं."

प्रियलचे डोळे चमकले. "उकळलेलं? अक्का, याच्यापेक्षा चांगलं पाणी नाहीच! उकळलं की क्षार भांड्यात खाली बसतात."

"मला काय माहीत क्षारबीर. मी जिवांसाठी उकळते," अक्का म्हणाली. "बघ, दोघींचंही काम झालं."

अर्ध्या तासाने तिने स्वतःच्या हाताने कळशी तिरकी केली. गाडी सावकाश सगळं पाणी प्यायली.

मग अक्का पदराला हात पुसत दोघा भावांपुढे उभी राहिली. "बरं. मुराळी कोण?"

चार तास पुढच्या सीटवर गुडघे भिडवत भंवरलालांनी या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं. थोरला मी. गाडी माझ्या दारातून निघाली. त्यांनी तोंड उघडलं, आणि बोटाला लागलेलं ते नितळ तेल त्यांना आठवलं.

"कचरू," ते म्हणाले.

"भाऊ," नाना त्याच क्षणी म्हणाले.

अक्काने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती प्रियलकडे वळली. "चालवत कोणी आणली?"

"मी."

"जोडली कोणी?"

"मी आणि दादाजींनी. मननने. इंजिन नानांनी सांभाळलं म्हणून तर..."

"म्हणजे या दोघांनी गाडीचे दोन तुकडे केले आणि तू दोघांना आत घालून इथवर आणलंस." अक्काने तिच्या ग्रीस लागलेल्या गालाला बोटं लावली. "मुराळी तू."

"मुलगी मुराळी कशी होईल?" भंवरलाल आणि नाना म्हणाले. एका दमात, एका सुरात, दोघांचंही एकेक बोट हवेत.

अक्का हसली. भंवरलालांनी बहिणीला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. "झालं की एकमत! बाकी काही नको होतं मला. चला, मागे बसा दोघं."

दोघं मागे बसले, मध्ये मनन आणि अक्काची पिशवी. अक्का पुढे बसली, प्रियलच्या शेजारी, खिडकीपाशी. मागून भंवरलालांना तिचा पांढरा पदर आणि काचेपलीकडचं लाल व्हायला लागलेलं आभाळ दिसत होतं. सेल्फ मारताच इंजिन लागलं.

"हॉर्न कुठला गं?" अक्काने विचारलं.

"ही चकचकीत रिंग. दाबा."

अक्काने हात लांब करून रिंग दाबली. जाडजूड, दुहेरी आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. दारं उघडली. गच्चीवरून डोकी डोकावली. समोरच्या घरातली बाई पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आली.

"अक्का, बास," नाना मागून म्हणाले. "लोकांना त्रास होतो."

"होऊ दे," अक्का म्हणाली. "तीस आखाज्या गुपचूप काढल्यात मी." आणि तिने पुन्हा दाबला.